दुकानातल्या वहीसारखं कार्ड: कोल्हापुरात पहिलं रिवॉर्ड क्रेडिट कार्ड घेताना

मंगळवार पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान होतं. तिथं आमचं महिन्याचं खातं असायचं. आई चिठ्ठी द्यायची, मालक वहीत लिहायचे, आणि वडिलांचा पगार झाला की त्याच संध्याकाळी सगळं खातं चुकतं व्हायचं. "निम्मं आता, निम्मं पुढच्या महिन्यात" असं वडील कधी म्हणाले नाहीत. मी उद्यमनगरात एका मशीन शॉपचे हिशेब बघतो. तिथली पोरं क्रेडिट कार्डाबद्दल विचारायला येतात, तेव्हा मी त्यांना आधी या वहीची गोष्ट सांगतो.

कार्ड म्हणजे तीच वही. फरक दोनच. खातं थकलं तर मालक चार शब्द सुनवायचे. बँक महिन्याला तीन ते पावणेचार टक्के व्याज लावते, म्हणजे वर्षाला ३६ ते ४५ टक्के. आणि बँक खरेदीवर पॉइंट देते. भाजीवाली मावशी भाजीवर मूठभर कोथिंबीर टाकते, तसे हे पॉइंट. मिळाली तर घ्यावी, पण कोथिंबिरीसाठी कोणी दोन किलो वांगी जास्त घेत नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या हे धरूनच लिहिल्या आहेत.

पायरी १: पैसा घरात कधी येतो ते बघा

कार्डाचं बिल दर महिन्याला ठरलेल्या तारखेला येतं. आपल्या जिल्ह्यात प्रत्येकाचा पैसा तसा येत नाही. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पगार असेल तर साधारण सात ते दहा तारखेला जमा होतो. घरचं दूध संघाला जात असेल तर बिल दहा-दहा दिवसांनी येतं. ऊस असेल तर गोष्ट वेगळी. कायद्यानं ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत, पण हंगाम सरल्यावर पुढचे कित्येक महिने त्या बाजूनं काही येत नाही. "ऊस बिल आलं की भरतो" या हिशेबावर कार्ड वापरलं तर व्याज उभ्या पिकाआधी वाढतं.

म्हणून शेतीच्या उत्पन्नावर घर चालत असेल तर माझं सांगणं असं: जेवढे पैसे आज बचत खात्यात आहेत तेवढ्याचीच खरेदी कार्डावर करा. येणार आहेत त्या पैशांवर नको. पगारदारानंही हेच करावं, पण त्याची चूक महिन्याभरात लक्षात येते आणि सावरता येते. शेतकऱ्याची चूक पुढच्या हंगामापर्यंत चालते.

डोक्यावर आधीच हातउसने, भिशीचा राहिलेला हप्ता किंवा सोनेतारण असेल, तर कार्ड अजून सहा महिन्यांनी घ्या. कार्ड कुठं पळून जात नाही.

पायरी २: सिबिल बघा

बँक अर्ज आल्यावर सगळ्यात आधी क्रेडिट स्कोअर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या इतिहासाला दिलेले गुण, बघते. तो ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो, आणि साधारण ७५० च्या वर असेल तर काम सोपं होतं. आपण सगळ्याला सिबिलच म्हणतो, पण देशात अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. त्यांच्या संकेतस्थळावरून स्वतःच काढा. स्वतःचा अहवाल स्वतः बघितल्यानं स्कोअर कमी होत नाही.

इथं कोल्हापूरकरांची एक खास अडचण आहे. आपल्याकडं पतसंस्था गल्लोगल्ली आहेत. माझ्या ओळखीच्या एका टर्नरनं पतसंस्थेची दोन कर्जं एकही हप्ता न चुकवता फेडली, आणि तरी बँकेनं "तुमचा इतिहासच नाही" म्हणून अर्ज नाकारला. पतसंस्थेतला व्यवहार या अहवालात दिसेलच असं नाही. भिशी तर दिसतच नाही. माणूस चोख असतो, पण कागदावर कोरा असतो.

अशा वेळी मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड घ्यावं. बँकेत एफडी करायची आणि तिच्या काही टक्के लिमिटचं कार्ड घ्यायचं. पगाराची स्लिप सहसा लागत नाही, एफडीवर व्याज चालू राहतं, आणि वर्षभर वेळेवर बिल भरलं की स्कोअर तयार होतो. गृहिणी, नुकतीच नोकरी लागलेली मुलं, हुपरीतले चांदीकाम करणारे कारागीर, चप्पल लाइनमध्ये छोटं दुकान असलेले, या सगळ्यांसाठी हा रस्ता चांगला आहे.

आणि एक: एकाच आठवड्यात चार बँकांत अर्ज टाकू नका. प्रत्येक अर्जाबरोबर बँक तुमचा अहवाल मागवते, त्याची नोंद राहते, आणि लागोपाठ नोंदी दिसल्या की हा माणूस पैशासाठी फिरतोय असा अर्थ निघतो.

पायरी ३: कार्ड निवडा, आणि इथं वेळ घालवा

सगळ्यात जास्त चुका इथं होतात. लोक जाहिरात बघून कार्ड घेतात. त्याऐवजी घरातले मागचे तीन महिन्यांचे खर्च कागदावर उतरवा आणि त्यातले कार्डानं देता येतील असे वेगळे काढा. मंडईतली भाजी, रविवारचं मटण, दूध, कामवाल्या मावशींचा पगार, यात्रेची वर्गणी हे रोखीनं जातं. उरतं काय? महिन्याचा किराणा, वीजबिल, मोबाइल, औषधं, पेट्रोल, ऑनलाइन खरेदी, कधी मुलांची फी. महिन्याला ३५,००० खर्च असलेल्या घरात कार्डावर जाण्यासारखे १२,००० निघतात, असं मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे.

आता हिशेब करा. महिना १२,००० म्हणजे वर्षाला १,४४,०००. कार्ड एक टक्का परत देत असेल तर १,४४० रुपये. वार्षिक फी ५०० असेल तर त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ५९० जातात, हातात ८५० राहतात. फी ९९९ असेल तर जीएसटीसह साधारण १,१७९ जातात आणि वर्षभराच्या खटाटोपातून २६१ रुपये उरतात. म्हणून पहिलं कार्ड आजीवन मोफत असावं, किंवा ठरावीक खर्चावर फी माफ होणारं असावं, आणि तो ठरावीक खर्च तुमच्या घराचा आधीपासूनच होत असावा. फी वाचवायला वर्षाच्या शेवटी मिक्सर घेणं हा तोटाच.

"एक टक्का" हे कुठं लिहिलेलं नसतं, ते काढावं लागतं. कागदावर लिहिलेलं असतं "१०० रुपयांना ४ पॉइंट". खाली कुठंतरी असतं "१ पॉइंट = २५ पैसे". म्हणजे १०० रुपयांवर एक रुपया, एक टक्का. दुसरं कार्ड म्हणतं "१५० रुपयांना २ पॉइंट", पॉइंट तेवढ्याच किमतीचा. म्हणजे १५० वर ५० पैसे, एक तृतीयांश टक्का. शिवाय १४० रुपयांची खरेदी केली तर पॉइंट शून्य, कारण १५० चा टप्पा पूर्ण झाला नाही. एजंट पॉइंट सांगतो. तुम्ही रुपये विचारा.

मग कशावर पॉइंट मिळत नाहीत ती यादी वाचा. बहुतेक कार्डांवर पेट्रोल, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, घरभाडं आणि हप्त्यांवर घेतलेली खरेदी त्यात असते. पुष्कळ ठिकाणी विमा, वीजबिल आणि सरकारी भरणा यांवर मर्यादा असते. तुमच्या कागदावरचा निम्मा खर्च त्या यादीत निघाला तर ते कार्ड तुमच्यासाठी नाही.

विमानतळावरच्या लाउंजसाठी कार्ड घेऊ नका. उजळाईवाडीहून विमानं सुटतात, पण आपल्यातले बहुतेक पुण्याला एसटीनं आणि मुंबईला महालक्ष्मी एक्सप्रेसनं जातात. एखाद्या ऑनलाइन दुकानाच्या नावाचं कार्ड मात्र, तिथूनच घरात सामान येत असेल, तर साध्या कार्डापेक्षा जास्त परतावा देतं. ज्यांचा खर्च सगळीकडं थोडा थोडा विखुरलेला आहे त्यांनी थेट कॅशबॅक देणारं कार्ड घ्यावं. रुपये बिलातून वजा होतात, भाव काढायची कटकट नाही. मला स्वतःला हेच आवडतं.

पायरी ४: अर्ज

पॅन, आधार, फोटो. पगारदारांना तीन महिन्यांच्या स्लिपा आणि बँक स्टेटमेंट, धंदा असेल तर आयकर विवरणपत्रं. पगार किंवा बचत खातं ज्या बँकेत आहे तिथून सुरुवात करा, कारण त्यांना तुमचा व्यवहार माहीत असतो. ऑनलाइन अर्जात व्हिडिओ केवायसी, म्हणजे व्हिडिओ कॉलवर ओळख पडताळणी, होते. पॅन जवळ ठेवा आणि उजेडात बसा.

मॉलच्या दारात किंवा पेट्रोल पंपावर उभ्या असलेल्या मुलाकडं अर्ज द्यायचाच असेल तर झेरॉक्सवर "फक्त क्रेडिट कार्डाच्या अर्जासाठी" असं लिहून तारीख आणि सही करा, अक्षरं छपाईवर थोडी जातील अशी. अर्जाबरोबर व्याजदर आणि शुल्कांचं एक पानी पत्रक बँकेनं द्यायचं असतं. ते मागून घ्या. अर्जात विम्याच्या चौकटीवर आधीच खूण असेल तर ती काढायला सांगा. अर्ज नाकारला तर त्याचं कारण बँकेनं लेखी कळवलं पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. ते कारण मिळवा, कारण पुढचा अर्ज कधी करायचा हे त्यावर ठरतं.

न मागता कार्ड घरी आलं तर? ते चालू करू नका. ३० दिवसांत चालू न केलेल्या कार्डासाठी बँकेला ओटीपीनं तुमची संमती घ्यावी लागते. ती मिळाली नाही तर सात कामाच्या दिवसांत ते विनाशुल्क बंद करावं लागतं.

पायरी ५: कार्ड हातात आलं की पहिल्या दिवशी

पिन लावा. बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार बंद आहेत का बघा, ऑनलाइनची मर्यादा स्वतः ठरवा, एटीएममधून रोख काढायची सोय शून्यावर आणा. क्रेडिट कार्डानं रोख काढली की व्याज त्याच दिवसापासून लागतं आणि वर शुल्कही असतं. पिनशिवाय टेकवून चालणारी सोय ५,००० रुपयांपर्यंत असते. गर्दीत फिरणाऱ्यांनी ती कमी करावी.

मग ऑटो पेमेंट लावा. इथं दोन पर्याय येतात, "टोटल ड्यू" (पूर्ण बिल) आणि "मिनिमम ड्यू" (बिलावरची किमान रक्कम). टोटल निवडा. पहिल्या महिन्यात पैसे खरंच कापले गेले का ते डोळ्यांनी बघा. पगार पतसंस्थेच्या खात्यात येत असेल तर तिथून कार्डाचं बिल परस्पर जाईल असं धरून चालू नका, आधी विचारा.

पायरी ६: तारखा आणि मिनिमम ड्यू

समजा स्टेटमेंट दर महिन्याच्या १२ तारखेला निघतं आणि भरायची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची १ आहे. १३ जुलैला घेतलेली वस्तू १२ ऑगस्टच्या स्टेटमेंटमध्ये येते आणि पैसे १ सप्टेंबरला द्यायचे. पन्नास दिवस बिनव्याजी. तीच वस्तू ११ ऑगस्टला घेतली तर एकवीसच दिवस. मोठी खरेदी स्टेटमेंट निघाल्यावर लगेच करायची, ती यासाठी.

पण पगार आठ तारखेला होत असेल तर एक तारीख गैरसोयीची आहे. बिलाचं चक्र निदान एकदा तरी बदलून घ्यायचा हक्क तुम्हाला आहे. शेवटची तारीख पगारानंतर चार-पाच दिवसांनी येईल असं चक्र मागा. माझ्याकडं येणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना हे माहीत नसतं.

आता मिनिमम ड्यू. गेल्या वर्षी गोकुळ शिरगावातला एक मुलगा मला म्हणाला, "दादा, बँकेनं पाच टक्केच भरायला सांगितलंय की, मग सगळं कशाला भरू?" त्याला मी माझंच पान उघडून दाखवलं.

पहिल्या कार्डावर मी आईसाठी २४,००० चं वॉशिंग मशीन घेतलं होतं. वडील आजारी होते, दवाखान्यात पैसे जात होते. सहा महिने मी बिलावर लिहिलेली किमान रक्कमच भरली, पाच टक्के. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून ४.१३ टक्के. म्हणजे भरलेल्या पाच टक्क्यांतला जेमतेम एक टक्का मुद्दलाला लागत होता. सहा महिन्यांत सुमारे ७,००० भरून झाले आणि खात्यावर अजून २२,००० च्या वर शिल्लक होती. त्या मशीनवर मला मिळालेले पॉइंट २४० रुपयांचे होते.

दुसरी गोष्ट मला त्याहून उशिरा कळली. जुनी बाकी राहिली की बिनव्याजी दिवस संपतात. मधल्या काळात घेतलेल्या औषधांवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागत होतं. शेवटी पगारदार पतसंस्थेतून १४ टक्क्यांनी कर्ज काढून मी ते खातं मिटवलं. तुम्ही अडकलात तर हाच मार्ग घ्या: कार्ड वापरणं त्याच दिवशी थांबवा, कमी व्याजाचं कर्ज काढा, कार्ड पूर्ण चुकतं करा. घरच्यांना सांगा. मी सांगितलं नव्हतं, आणि त्या सहा महिन्यांतली झोप मला आजही आठवते.

तारीख चुकून हुकली तर घाबरू नका, पण धावा. थकबाकी तीन दिवसांपेक्षा जास्त झाली तरच बँक उशिराचं शुल्क लावू शकते आणि सिबिलला कळवू शकते.

पायरी ७: बाजारात

महाद्वार रोडला असा, राजारामपुरीत असा किंवा गुजरीत, कार्ड काढायच्या आधी एक प्रश्न विचारा: "रोखीनं किती, कार्डानं किती?" काही दुकानदार कार्डावर दोन टक्के जादा मागतात. तुमचं कार्ड एक टक्का देतं. ६०,००० च्या दागिन्यावर १,२०० जास्त देऊन ६०० चे पॉइंट मिळवण्यात काय मिळालं? आणि रोखीनं किंवा यूपीआयनं भाव कमी होत असेल तर पॉइंट विसरा. आपल्याकडं भाव करता येतो, आणि चांगला भाव कुठल्याही पॉइंटपेक्षा मोठा असतो.

पेट्रोलवर अधिभार लागतो. बहुतेक कार्डं तो ठरावीक रकमेच्या व्यवहारावर परत देतात, त्यावरचा जीएसटी मात्र जातो. शंभर-दीडशेचं पेट्रोल कार्डावर टाकू नका.

रुपे क्रेडिट कार्ड २०२२ पासून यूपीआयला जोडता येतं. फक्त दुकानदाराच्या क्यूआरवर चालतं, माणसाला पाठवता येत नाही. सोय मोठी आहे, आणि मला काळजीही याच सोयीची वाटते. रंकाळ्यावर भेळ, सकाळी मिसळ, चहा, पुन्हा चहा. नोट हातातून जाताना जे जाणवतं ते क्यूआरवर जाणवत नाही. हे वापरणार असाल तर दर रविवारी ॲप उघडून आठवड्याची बेरीज वहीत लिहा. मी अजूनही वहीतच लिहितो.

"नो कॉस्ट" हप्त्यांत प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी येतो, पॉइंट बहुधा जातात. लिमिटच्या तीस टक्क्यांच्या आत वापर ठेवला तर स्कोअर चांगला राहतो. बँक लिमिट वाढवायला विचारेल; तुमच्या संमतीशिवाय ती वाढवता येत नाही, आणि नको असेल तर नको म्हणा.

पायरी ८: पॉइंट खर्च करा

पॉइंट साठवून ठेवण्यात काही फायदा नाही. त्यांना व्याज लागत नाही, मुदत संपते, आणि बँक नियम बदलून त्यांची किंमत कमी करू शकते. वर्षातून दोनदा, पाडव्याला आणि दसऱ्याला, मी ते वापरून टाकतो. बिलात वजा करून मिळत असतील तर तेच घ्या. कॅटलॉगमधला डबा किंवा घड्याळ घेण्याआधी तीच वस्तू बाजारात केवढ्याला मिळते ते बघा. काही बँका वापरताना शंभर रुपयांच्या आसपास शुल्क घेतात, म्हणून थोडे थोडे न काढता एकदाच काढा.

"तुमचे पॉइंट आज रात्री संपणार, या लिंकवर कार्ड नंबर टाका" असा मेसेज येईल, नक्की येईल. पॉइंट फक्त बँकेच्या ॲपमध्ये बघायचे. ओटीपी मागणारा कोणीही बँकेचा माणूस नसतो.

पैसे गेलेच तर आधी ॲपवरून कार्ड ब्लॉक करा, बँकेला कळवून तक्रार क्रमांक घ्या, मग सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करा. बँकेची किंवा तुमची चूक नसताना बाहेरच्या कोणी केलेला व्यवहार तीन कामाच्या दिवसांत कळवला तर तुमच्यावर काही जबाबदारी येत नाही. ओटीपी तुम्हीच दिला असेल तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, म्हणून लाजून बसू नका, मिनिटं मोजा. बँकेनं तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन तक्रार करता येते. त्याला फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

कार्ड नको झालं तर

आधी पॉइंट वापरा, ऑटो पेमेंटवर लावलेली बिलं दुसरीकडं हलवा, बाकी शून्य करा, मग बंद करायची विनंती लेखी किंवा ॲपवरून द्या. बाकी नसेल तर बँकेनं सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं असतं, आणि नाही केलं तर पुढच्या प्रत्येक दिवसाला तुम्हाला ५०० रुपये द्यावे लागतात. बंद झाल्याचं पत्र मागून फाइलला लावा. दोन महिन्यांनी सिबिलचा अहवाल काढून त्या कार्डापुढं "बंद" लिहिलंय का ते बघा, आणि कार्ड चिपवरून आडवं कापून टाका.